पळसबोडीचे वाढते खुंट

पळसबोडीतल्या बायका गिरजाबाईला मागून 'दरोगीण' म्हणायच्या; समोरून म्हणायची हिंमत कोणाच्या बापात नव्हती. सिहोऱ्याच्या बाजारात वांगी घ्यायला गेली तर वरची चार बाजूला सारून खालची उचलायची, आणि खालचीही परत टाकून दुसरीकडे जायची. एसटीत चढली की कंडक्टरला विचारायची, "बस बपेऱ्यालेच जाऊन राहिली ना गा?" त्यानं पाटी दाखवली तरी समाधान नाही. शेजारच्याला विचारायची, आणि शेजारच्यानं होय म्हटलं की हा कंडक्टरचा पाहुणा तर नसेल, असं त्याच्या तोंडाकडे पाहत बसायची. घराला कुलूप, कोठीला कुलूप, कोंबड्यांच्या खुराड्यालाही कुलूप, आणि साऱ्या चाब्या काळ्या गोफात ओवून कमरेला. बाई चालली की चाब्या वाजायच्या. पोरं म्हणायची, दरोगीण आली, पळा.

आता ही बाई जन्मतःच अशी होती का? छे हो. नवरा मारोतराव होता तोवर तिच्या घराला कडीसुद्धा नव्हती. तो वारला, आणि वर्षाच्या आत तिचा दीर पुंडलिकराव एक कागद घेऊन आला. "वहिनी, सरकारची विहिरीची योजना आली आहे, अंगठा दे." दीरच तो, सख्खा. तिनं अंगठा दिला. विहीर आजतागायत खोदली गेली नाही. रस्त्याकाठच्या धानाच्या दोन बांध्या मात्र पुंडलिकरावाच्या नावावर चढल्या. तेव्हापासून दुधानं तोंड पोळलेली ही बाई पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागली. आणि खरं सांगायचं तर दहातल्या नऊ वेळा तिचा संशय बरोबर निघायचा. हीच तर पंचाईत. माणूस चुकत गेला की सुधारतो. बरोबर निघत गेला की त्याचं कोण काय करणार?

साऱ्या गावात तिचं मन रमायचं ते एका वच्छलाजवळ. वच्छला तिच्याहून बरीच लहान, घर भिंतीला भिंत लागून, आणि स्वभावानं अगदी दुसऱ्या टोकाची. दारावर आलेल्या गोसाव्यानं "तुझ्या घरी राजा जन्मेल" म्हटलं तर ही त्याला पसाभर तांदूळ घालायची, आणि वरून चहा पाजायची. गिरजाबाई चिडायची. "अवो, तुले कोणीही फसवंल!" वच्छला हसून म्हणायची, "फसवंल त फसवंल, बाई. त्याचं पाप त्याच्यापाशी." तिचा नवरा तुलाराम बैलगाडीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं आणि खाटेला खिळला. तेव्हापासून घरात कमावणारे हात म्हणजे वच्छलाचे दोन. पोरं लहान, सासू आंधळी.

म्हणून त्या वर्षी गावच्या मोठ्या बोडीवर, म्हणजे तळ्यावर, रोजगार हमीचं काम निघालं तेव्हा सगळ्यात आधी वच्छला नाव लावायला धावली. ब्याऐंशी सालची गोष्ट. पावसानं दगा दिला होता, धान अर्धं लोंबीतच वाळलं होतं. बोडी खोल करायची, आणि निघालेली माती टाकून काठाची पाळ उंच करायची, असं काम होतं. कामावर देखरेखीला भैय्याजी मिस्त्री. कपाळाला टिळा, गळ्यात माळ, तोंडात सारखं "देवाची कृपा". गिरजाबाईनं त्याला पाहिल्याबरोबर चाब्यांचा गोफ कमरेत घट्ट केला.

मातीचं काम कसं मोजतात, ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जोडीजोडीनं खड्डे खोदायला देत. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, त्याला कुदळ लावायची नाही. खुंटाच्या डोक्यावर मूळ जमिनीचं गवत असतं. इंजिनिअर साहेब आला की गवतापासून खड्ड्याच्या तळापर्यंत टेप सोडतो आणि किती खोल खोदलं ते ठरवतो. खुंट म्हणजे जमिनीची जुनी खूण. तो खरा तर माप खरं.

पहिल्या दिवशी वच्छलानं काय केलं, तर कुदळ मारण्याआधी खुंटाची जागा पाण्यानं शिंपली, हळद-कुंकू वाहिलं, सुपारी ठेवली आणि हातातली एक हिरवी बांगडी काढून गवतावर ठेवली. धरणीची ओटी. आपण हिच्या अंगावर घाव घालणार, तर आधी ओटी भरून माफी मागायची, असं तिच्या माहेरी चालत असे. भैय्याजीनं लांबूनच हात जोडले. गिरजाबाई मात्र फिसकन हसली.

"सरकारी खड्ड्याची ओटी! अवो, उद्या तहसील कचेरीचं डोहाळजेवण करशीन."

"जमीन त सरकारची नाही ना बाई," वच्छला म्हणाली. "जमीन धरणीमायची."

गिरजाबाईनंही आपल्या खुंटावर काहीतरी ठेवलं, पण ते कोणाला दिसू न देता. बपेऱ्याकडच्या एका कामावर खुंट वाढतात, असं तिनं बाजारात ऐकलं होतं. पाऊस नाही, पाणी नाही, तरी खुंट वाढतो! म्हणजे त्याच्या डोक्यावर वरून माती थापायची, त्यावर गवताचं ढेकूळ बसवायचं, आणि टेप लावला की खड्डा होता त्यापेक्षा खोल भरतो. न खोदलेल्या मातीची मजुरी कागदावर चढते, आणि कोणाच्या खिशात जाते ते देव जाणे आणि मिस्त्री जाणे. तेव्हा तिनं कमरेच्या गोफातली एक जुनी चाबी काढली. तिचं कुलूप कधीचंच हरवलं होतं, पण टाकवत नव्हती. ती तिनं गवताच्या मुळाशी दाबून ठेवली. खुंट वाढलाच तर चाबी वाढीव मातीच्या खाली सापडेल. हे तिनं वच्छलालाही सांगितलं नाही. जीव लावायची ती वच्छलाला, पण तिच्या पोटात काही राहत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

आणि खुंट वाढले. बाजाराच्या दिवशी काम बंद असायचं. गिरजाबाईची शेळी चुकली म्हणून ती बोडीच्या अंगाला गेली, आणि पळसाआडून तिनं पाहिलं. भैय्याजी आणि दोन माणसं बांधावरची गवताची ढेकळं कापून खुंटांवर बसवत होती, वरून पाणी मारून थापत होती. तोंडानं "देवाची कृपा" चालूच. दुसऱ्या दिवशी तिनं वच्छलाला खड्ड्यात नेऊन दाखवलं.

"पाय आपल्या डोळ्यानं. तुझा खुंट कालपरवा छातीपर्यंत होता. आता?"

वच्छलाच्या गळ्याशी आला होता. तिनं तोंडावर हात ठेवला. "माय वो! मंग माझी ओटी कोठं गेली?"

"कोठं गेली? मिस्त्रीनं फेकली असंल, नाही त घरी नेली असंल बायकोले बांगडी म्हणून. तुले ओटीची पडली!"

पुढच्याच आठवड्यात जीप आली. दोन माणसं उतरली, एक कडक इस्त्रीचा, काळा चष्मा लावलेला. भैय्याजी धावतपळत सामोरा गेला, साहेब-साहेब करू लागला. चष्मेवाल्यानं शिक्क्याचा एक कागद वर धरून सांगितलं की आम्ही वरून आलो आहोत, तपासणीला. कोणाची काही तक्रार असेल तर न भिता सांगा. मजूर एकमेकांकडे पाहायला लागले. तेवढ्यात त्या साहेबाला तहान लागली. कामावर पाण्याचे दोन माठ असायचे. एक मजुरांचा, झाडाखाली, सगळ्यांना दिसेल असा. दुसरा भैय्याजीचा स्वतःचा, झोपडीच्या मागं झाकून ठेवलेला. साहेब कोणाला न विचारता झोपडीच्या मागं गेला, माठावरची पाटी सरकवली आणि पाणी पिऊन मिशा पुसत परत आला.

गिरजाबाईनं ते हेरलं. हा माणूस इथं आधी येऊन गेला आहे. हा वरचा नाही, हा भैय्याजीचाच. कोण बोलतं ते काढायला आणलेला आहे.

हे तिला कळलं, आणि ती गप्प राहिली. तिच्या शेजारी वच्छला उभी होती, अगदी खांद्याला खांदा लावून. नुसतं कोपर मारलं असतं तरी चाललं असतं. पण गिरजाबाईचं कोपर हललं नाही. आणि वच्छला पुढे झाली, पदर डोक्यावर घेऊन, हात जोडून. "साहेब, खोटं कायले बोलू? खुंट वाढवले आहेत. आमी येवढी माती खोदलीच नाही."

"शाब्बास," साहेब म्हणाला. "नाव काय बाई तुझं?"

तिनं नाव सांगितलं, नवऱ्याचंही सांगितलं. जीप धूळ उडवत गेली. सोमवारी हजेरी घेताना वच्छलाचं नाव आलं नाही. भैय्याजी म्हणाला, कामात कुचराई करते आणि वरून सरकारी माणसांवर खोटे आळ घेते, अशा बाईला काम नाही. गावातल्या निम्म्या लोकांनी मान हलवली. त्यांचीही नावं हजेरीत होती ना! वच्छला रडली नाही. फावडं खांद्यावर टाकून घरी गेली. तिसऱ्या दिवशी नदीपलीकडे मध्यप्रदेशात वीटभट्टीवर कामाला निघाली. शनिवारी परतायची, तीही विटांच्या धुळीनं लाल होऊन. आंधळी सासू पोरांना सांभाळायची की पोरं सासूला, काही कळत नव्हतं. तुलाराम खाटेवरून भिंतीकडे तोंड करून पडायचा.

गिरजाबाई एका संध्याकाळी वाटीभर पोह्यांचा चिवडा घेऊन गेली. तुलारामच्या पोरीनं वाटी घेतली. वच्छला घरात होती, पण बाहेर आली नाही. त्या रात्री गिरजाबाईनं ताट बाजूला सारलं. तिनं मनाशी ठरवलं की बस्स, खरी तपासणी कधी आलीच, तर मी बोलेन. खुंटात चाबी आहे. वच्छला खरी होती, हे मी दाखवून देईन, आणि तिला परत कामावर आणेन.

खरी तपासणी येणार, अशी कुजबुज होतीच. नागपूरच्या अधिवेशनात कोणा आमदारानं भंडाऱ्याकडच्या हमीच्या कामांबद्दल सवाल टाकला होता म्हणे. आमदारांचीच एक समिती असते. सरकारनं मंजूर केलेलं काम खरोखर झालं की कागदावरच झालं, हे ती जिल्ह्याजिल्ह्यात फिरून पाहते आणि विधिमंडळापुढे मांडते. ती समिती येणार, अशी खबर तुमसरच्या तहसील कचेरीतून आली होती. झोपडीला गेरू लागला, पोरांसाठी पाळणा टांगला गेला, औषधाची पेटी आली. पेटीला कुलूप होतं आणि चाबी भैय्याजीच्या जानव्याला. गिरजाबाईनं हे सारं पाहिलं आणि ओठ मुरडले.

समिती यायच्या आदल्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत एक म्हातारा पाळेवरून चालत आला. धोतर, अंगात साधा सदरा, बगलेत छत्री, पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला. भैय्याजी गावात गेला होता. म्हातारा सरळ गिरजाबाईच्या खड्ड्याशी येऊन टेकला, आणि आधी पाणी मागितलं. कोणत्या माठातलं, हे तिनं नीट पाहिलं. मजुरांच्या माठातलं. पण त्याचं काय? हुशार माणूस एकच चूक दोनदा करत नाही.

"बाई, मी उद्या येणाऱ्या समितीत आहे," म्हातारा हळूच म्हणाला. बोली या भागातली नव्हती. "उद्या साहेब लोक सोबत असतील. म्हणून मी आजच एसटीनं आलो. मला खरं काय ते सांगाल?"

"आमदार आहात म्हणता?"

"हो."

"आमदार का एसटीनं येते?"

म्हातारा हसला. खिशातून एक ओळखपत्र काढून पुढे धरलं, फोटोचं, शिक्क्याचं. गिरजाबाईनं ते हातात घेतलंसुद्धा नाही. शिक्का त्या काळ्या चष्मेवाल्याकडेही होता. आणि त्याच्याकडे निदान जीप होती! हा तर पायी आला, धूळ खात आला, गोड बोलून राहिला. भैय्याजीनं यावेळी गरीब गाय पाठवली, दुसरं काय. म्हाताऱ्यानं खुंटावर हात ठेवला.

"हा खुंट जसाच्या तसा आहे का, बाई? की याच्यावर माती चढवली?"

गिरजाबाईनं सरळ त्याच्या डोळ्यात पाहिलं. "जसाच्या तसा आहे. आमच्या कामात काही खोट नाही. मिस्त्री देवमाणूस आहे."

म्हाताऱ्याचा चेहरा जरा उतरला, असं तिला वाटलं. उगीच वाटलं, असं तिनं स्वतःला समजावलं. तो उठला, "बरं आहे" म्हणाला आणि आला तसा पाळेवरून गेला.

तिथंच थांबली असती तरी चाललं असतं. पण तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. याच खुंटावर हात काहून ठेवला त्यानं? इतके खुंट असताना माझ्याच? म्हणजे भैय्याजीला चाबीचा सुगावा लागला. आज ना उद्या तो उकरेल, चाबी काढेल, आणि कोणाची चाबी हे साऱ्या गावाला माहीत आहे. दरोगिणीची. मग माझंही नाव वच्छलासारखं... दिवस मावळायच्या आत, सगळे परतल्यावर, ती मागं राहिली. कुदळीनं खुंटाचं डोकं फोडलं, माती उपसली, चाबी शोधून काढली आणि कमरेला बांधली. माती परत दाबून बसवली, पण दाबलेली माती ती. ढेकळं विस्कटली ती विस्कटलीच.

दुसऱ्या दिवशी जीपांची रांग आली. जिल्ह्याचे साहेब, तालुक्याचे साहेब, टेपवाला इंजिनिअर, आणि चार-पाच आमदार. दुसऱ्या जीपमधून छत्री आधी बाहेर आली आणि मागून तो म्हातारा. सगळे साहेब त्याला वाट देत होते.

गिरजाबाईनं छत्री ओळखली. अरे देवा, हाच खरा होता! ज्याला सांगायचं होतं त्यालाच आपण हाकललं, आणि हाकललं ते वर मिस्त्रीला देवमाणूस म्हणून! पाळेच्या टोकाला बघ्यांची गर्दी जमली होती. त्यात वच्छला होती. समिती येणार म्हणून भट्टीवर खाडा करून आली होती, पण खाली उतरली नव्हती. उतरायचा हक्क नव्हता तिला. तिच्याकडे पाहून गिरजाबाईला एकदम भडभडून आलं. ती हातातलं घमेलं टाकून म्हाताऱ्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"बाबाजी, काल मी खोटं बोलली. खुंट वाढवले आहेत."

 भैय्याजीच्या तोंडातली देवाची कृपा अर्ध्यावर राहिली.

म्हातारा म्हणाला, "काल तर तुम्ही शपथेवर सांगितल्यासारखं सांगितलंत."

"तुमी खोटे वाटले म्हणून. इथं पहिले एक खोटे येऊन गेले." मग तिनं सगळं सांगितलं, जीपचं, माठाचं, वच्छलाचं. "माझ्या खुंटात मी पहिल्याच दिवशी चाबी दाबली होती, गवतात. वर माती चढवली त्यायनं."

"उकरा," म्हातारा म्हणाला.

"आता नाही ते तिथं. काल सांजेले मीच काढली." तिनं कमरेची चाबी पुढे केली.

इंजिनिअर साहेब हसला. भैय्याजीला जीव आला. "पाहा साहेब! खुंट हिनंच फोडला आणि आता सरकारवर आळ घेऊन राहिली. माती ताजी आहे, पाहा ना!" माती ताजी होतीच. म्हाताऱ्यानं चाबी हातात घेऊन उलटसुलट केली आणि परत दिली. "बाई, चाबी तर तुमच्या कमरेला आणखीही आहेत," तो म्हणाला. रागानं नाही, कंटाळल्यासारखा. तोही रोज खोट्या-खऱ्यात वावरणारा माणूस. काल एक बोलणाऱ्या आणि आज दुसरं बोलणाऱ्या बाईवर तो तरी का विश्वास ठेवेल? गिरजाबाईनं ठेवला असता का? मुळीच नाही.

बाकीचे पुढे निघाले. वच्छला पाळेवर तोंड फिरवून उभी होती. तिच्या हातांकडे पाहताना गिरजाबाईला ती हिरवी बांगडी आठवली.

पण बांगडी असेल का? भैय्याजीनं फेकली असेल, असं तर ती स्वतःच म्हणाली होती. नाहीतर कामावरून काढलं त्या दिवशी वच्छलानं रागानं उकरून नेली असेल. गिरजाबाईनं तर नेलीच असती! आधी जाऊन हळूच पाहता आलं असतं तर. जन्मभर तिनं पाहिल्याशिवाय, चाचपल्याशिवाय, दोनदा विचारल्याशिवाय काही केलं नव्हतं. आणि आता पाहायला वेळ नव्हता. नसेल तर वच्छला दुसऱ्यांदा खोटी ठरणार, साऱ्या जिल्ह्यासमोर, आणि तेही आपल्यामुळे.

"बाबाजी!" ती ओरडली. "वच्छलाचा खुंट उकरा. तिनं पहिल्या दिवशी धरणीची ओटी भरली. हळद, सुपारी, हिरवी बांगडी. गवतावर. तिच्या ओटीवर माती आहे. मी पाहिलं नाही, पण आहे."

म्हातारा थबकला. इंजिनिअर म्हणाला, वेळ होतो आहे. म्हाताऱ्यानं आपली छत्री त्याच्या हातात दिली आणि एका मजुराची कुदळ घेतली.

वरचं गवत निघालं. मग माती, ओली करून थापलेली. वीतभर गेल्यावर कुदळीला मऊ काहीतरी लागलं. पांढरं पडलेलं, दबून चपटं झालेलं जुनं गवत. म्हातारा गुडघ्यावर बसला आणि हातानं माती सारू लागला. हळदीचा पिवळा डाग दिसला. सुपारी निघाली. आणि आख्खी, न फुटलेली, हिरवी बांगडी.

 इंजिनिअरनं भैय्याजीकडे डोळे वटारून पाहिलं. ती नजर म्हणत होती, गाढवा, ही उचलायची अक्कल नव्हती का? आणि भैय्याजी भाबडेपणानं बोलूनच गेला, "साहेब, धरणीची ओटी ते! उचलायचं पाप कोण घेईल? मी नुसती वरून माती टाकली."

झालं. स्वतःच्याच तोंडानं. एक आमदार खो खो हसत सुटला, आणि मग लक्षात येऊन गप्प झाला.

तेवढ्यात वच्छला पाळेवरून धावत खाली आली. सगळ्यांना वाटलं, आता रडेल, आता पाया पडेल. ती आमदाराच्या अंगावरच खेकसली. "हात नका लावू! ठेवा ते खाली! एकदा भरलेली ओटी उचलते का कोणी?" म्हाताऱ्यानं मुकाट्यानं बांगडी गवतावर ठेवली आणि हात जोडले.

पुढे समितीनं वर काय लिहिलं, ते पळसबोडीत कोणाला कळलं नाही. इंजिनिअरची बदली झाली म्हणतात; शिक्षा म्हणून की बक्षीस म्हणून, याबद्दल गिरजाबाईचा वेगळा संशय होता. पण सारे खड्डे नव्यानं मोजले गेले, भैय्याजी परत दिसला नाही, आणि वच्छलाचं नाव हजेरीत आलं. नव्या मिस्त्रीनं तिला गिरजाबाईच्याच जोडीला दिलं. वच्छलानं दुसरी जोडी मागून घेतली.

पावसाळ्याच्या तोंडाशी काम संपलं. गिरजाबाईच्या सिहोऱ्याला दिलेल्या लेकीचे दिवस भरले होते, तिकडे जावं लागणार होतं. आठ-पंधरा दिवस तरी घर बंद. तिनं कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि कमरेच्या गोफातून घराची चाबी सोडवून वच्छलाच्या दारात जाऊन उभी राहिली. आजवर ती चाबी तिनं पोटच्या पोरीच्या हातात दिली नव्हती.

"हे ठेव. कोंबड्यायले दाणे टाकशीन."

वच्छला उंबऱ्याच्या आत उभी होती. हात पुढे केला नाही. "उद्या म्हणशीन, कोठीतलं धान कमी झालं."

"नाही म्हणणार."

"अन् झालं असंल त?"

"त तुले लागलं असंल," गिरजाबाई म्हणाली.

 मग वच्छलानं ते विचारलं, जे इतके महिने विचारलं नव्हतं. "ते जीपवाले खोटे आहेत, हे तुले तवाच समजलं होतं. समितीपुढं तूच बोलली, मी आयकलं. मी बाजूलेच उभी होती, बाई. मंग मले काहून नाही सांगितलं?"

गिरजाबाईजवळ शंभर उत्तरं होती. वेळ नव्हता, खात्री नव्हती, भेव वाटला. एकही तिच्या तोंडातून निघालं नाही. निघालं ते खरं होतं. "मले वाटलं, आधी तू बोलून पाहशीन. काय होते ते मले समजंल."

घरातून तुलारामच्या खोकल्याचा आवाज आला. वच्छलानं पदरानं तोंड पुसलं.

"चाबी उंबऱ्यावर ठेव," ती म्हणाली आणि आत गेली.

गिरजाबाईनं वाकून चाबी उंबऱ्यावर ठेवली. वच्छला ती उचलते की नाही, पोरं घेऊन खेळतात की कुत्रं ओढून नेतं, काही कळायला मार्ग नव्हता. बसची वेळ झाली होती. ती निघाली. वळणापर्यंत मान सारखी मागं फिरायला बघत होती; तिनं पदर दातात गच्च धरला आणि पुढंच पाहत चालत राहिली.